जर्कीसाठी घरगुती डिहायड्रेटर: निवडीआधी तापमानाचा विचार

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण इंदूरमध्ये राहता, वर्षातून एकदोनदा हिमालयात पदभ्रमणाला जाता आणि त्यासाठी मटणाची व चिकनची जर्की, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, घरी करण्याचा आपला विचार आहे. '३५ ते ७० अंश' असे लिहिलेला, पाच गोल ट्रेंचा स्वस्त डिहायड्रेटर (गरम हवेने पदार्थ वाळवणारे यंत्र) पुरेल, की त्याच्या तिप्पट किमतीचा, मागच्या बाजूस पंखा असलेला पेटीसारखा घ्यावा, हे आपल्याला ठरवायचे आहे. त्याच यंत्रात आपल्या आईंना मेथी, कैरी आणि टोमॅटो वाळवायचे आहेत. तेव्हा एकच यंत्र दोन्हीसाठी चालेल का, हेही आपण विचारले आहे. शिवाय एक शंका अशी की मे महिन्यात गच्चीवर कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात, मग मांसासाठी यंत्र तरी कशाला हवे.

मी इंदूरमध्येच मांस, भाज्या आणि फळे वाळवण्याचे काम बरीच वर्षे करीत आलो आहे, म्हणून आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. कारण तिचे उत्तर नीट लक्षात आले की यंत्राची निवड पुष्कळ सोपी होते. कुरडई, पापड किंवा सांडगे आपण वाळवतो आणि खाण्यापूर्वी तळतो. कोकणातील सुकट आणि बोंबील यांचेही तसेच आहे. ते उन्हात वाळतात, पण भाजल्या-शिजवल्याशिवाय सहसा पोटात जात नाहीत. जर्की मात्र पुडीतून काढून तशीच खायची असते. याचा अर्थ, मांसातील अपायकारक जंतू मारण्याचे काम खाण्याच्या वेळेवर ढकलता येत नाही. ते तयार करतानाच पूर्ण झाले पाहिजे. इंदूरचे मे महिन्यातील ऊन कितीही कडक वाटले तरी हवेचे तापमान ४० ते ४२ अंशांच्या घरात असते आणि मांसातील जंतूंच्या वाढीसाठी ते अत्यंत सोयीचे असते. धूळ आणि माश्या यांचा विचार तर पुढचा. त्यामुळे मांसासाठी गच्ची हा पर्याय मी मुळातच बाजूला ठेवतो, मग वर जाळी बांधलेली असो वा नसो.

आता महत्त्वाचा मुद्दा. डिहायड्रेटर मांस वाळवतो; ते सुरक्षित करण्याचे काम त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. यंत्रावर ७० अंश लिहिलेले असले तरी पहिले काही तास आतील मांस ७० अंशांना पोहोचत नाही, कारण ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत असताना ती वाफ मांसातील उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात माठातील पाणी गार राहते त्यामागे हेच कारण आहे. यंत्रातील हवा ६० अंशांची असली तरी ओल्या तुकड्याचा पृष्ठभाग सुरुवातीला ३० ते ४० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळू शकतो. तुकडा बराच सुकल्यावर त्याचे तापमान हवेच्या जवळ येते. पण तोवर जे जंतू तग धरून राहिले, ते कोरड्या अवस्थेत उष्णतेला अधिक दाद देईनासे झालेले असतात. ओले असताना ज्या तापमानाला ते सहज मेले असते, त्याच तापमानाला कोरडे झाल्यावर त्यांतील काही जिवंत राहू शकतात. ही भीती पुस्तकी नाही. १९९५ साली अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात हरणाच्या मांसाच्या घरगुती जर्कीतून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूची लागण झाली होती, आणि त्याच वर्षी न्यू मेक्सिको राज्यात गोमांसाच्या जर्कीतून साल्मोनेला या जंतूची लागण नोंदवली गेली.

यावरचा उपाय साधा आहे. मांस वाळवण्याआधी, ओले असतानाच, आतपर्यंत तापवून घ्यावे: मटण ७१ अंशांपर्यंत आणि चिकन ७४ अंशांपर्यंत. त्यानंतर ते यंत्रात घालून ५४ ते ६० अंशांच्या स्थिर हवेत वाळवावे. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्लाही हाच आहे आणि माझी पद्धतही हीच आहे. असे केले की यंत्राकडून आपली अपेक्षा फक्त एवढीच उरते की त्याने प्रत्येक ट्रेवर खरोखर ६० अंशांची हवा सतत खेळती ठेवावी. त्याने ७० अंश गाठलेच पाहिजेत किंवा तीस तासांचे टायमर असलेच पाहिजे, असे काही उरत नाही.

म्हणून यंत्राआधी एक चांगला सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. यंत्राच्या मानाने तो फार स्वस्त आहे, पण त्याच्याशिवाय बाकी सगळे अंदाजावर चालते. तो बरोबर दाखवतो का हे घरीच तपासता येते. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांत तो शून्याच्या जवळ आला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र इंदूरमध्ये तो ९८ च्या आसपास दाखवील. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी त्याच तापमानाला उकळते, तेव्हा थर्मामीटर बिघडला असे समजू नये.

आता यंत्राकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन घडणी मिळतात. एकीत गोल ट्रे एकावर एक रचलेले असतात आणि पंखा व हीटर तळाशी किंवा झाकणात असतो. दुसरीत पेटीसारख्या कपाटात ट्रे सरकवायचे असतात आणि पंखा मागच्या भिंतीत असतो. परदेशी कंपन्यांमध्ये नेस्कोची झाकणात पंखा असलेली गोल यंत्रे पहिल्या घडणीची आणि एक्सकॅलिबरची पेटीयंत्रे दुसऱ्या घडणीची म्हणून ओळखली जातात. आपल्याकडे मिळणारी बरीच यंत्रे यांपैकी एकीच्या वळणावर बनवलेली असतात. गोल यंत्रात गरम हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना प्रत्येक ट्रेमधील ओलावा घेत जाते, त्यामुळे पंख्याजवळचा ट्रे लवकर वाळतो आणि दूरचा मागे राहतो. दर तास-दीड तासाने ट्रेंची जागा बदलली तर हा फरक भरून निघतो, पण त्यासाठी माणूस घरात असावा लागतो. पेटीयंत्रात प्रत्येक ट्रेवरून हवा स्वतंत्रपणे आडवी जाते, म्हणून वाळणे जास्त एकसारखे होते. तरीही मागची बाजू पुढच्यापेक्षा लवकर वाळते आणि ट्रे निदान एकदा उलटसुलट फिरवावेच लागतात.

मांसासाठी माझे स्पष्ट मत असे आहे की तळाशी पंखा असलेले गोल यंत्र घेऊ नये. मांसातून रस आणि चरबीचे थेंब गळतात, ते थेट पंखा-हीटरच्या जागी जमतात, तो भाग पाण्याखाली धरून धुता येत नाही, आणि काही दिवसांनी तेथून खवट वास येऊ लागतो. पंखा झाकणात असेल तर ही अडचण राहत नाही. आपण ज्या स्वस्त यंत्राचा उल्लेख केला आहे त्याचा पंखा कोठे आहे, हे आपण लिहिलेले नाही. तो तळाशी असेल तर आईंच्या मेथीसाठी ते उत्तम आहे, परंतु जर्कीसाठी मी ते सुचवणार नाही.

किती मोठे यंत्र हवे याचा हिशेब अंदाजाने करण्यापेक्षा क्षेत्रफळाने करावा. एक किलो मांसाच्या ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या एकमेकींना न चिकटवता पसरल्या तर त्यांना साधारण २,५०० ते ३,००० चौरस सेंटिमीटर जागा लागते. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोल ट्रेमध्ये मधले भोक वजा जाता जेमतेम ६३० चौरस सेंटिमीटर मिळतात, म्हणजे एका किलोला पाचही ट्रे लागतात. तीस बाय तीस सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये ९०० मिळतात, म्हणजे तीन ते चार ट्रेंत काम होते. एका माणसाच्या आठ-दहा दिवसांच्या पदभ्रमणासाठी एक किलो कच्चे मांस पुरेसे आहे. जाहिरातीत ट्रेंची संख्या ठळक दिलेली असते; तिच्याकडे न पाहता ट्रेचे माप विचारा आणि दोन ट्रेंमध्ये किती अंतर आहे तेही पाहा, कारण अंतर कमी असेल तर टोमॅटोच्या फोडी किंवा जाड पट्ट्या वरच्या ट्रेला लागतात.

तापमानाच्या बाबतीत यंत्रावरील आकड्यावर विसंबू नका. बहुतेक यंत्रांत तापमान मोजणारा भाग हीटरच्या जवळ असतो आणि ट्रेवरील हवा त्याहून थंड असते. यंत्र घरी आल्यावर ते रिकामे चालवा, अर्ध्या तासाने वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेवर आळीपाळीने थर्मामीटर ठेवून वाचन घ्या, आणि ते एका कागदावर लिहून यंत्राला चिकटवून ठेवा. यंत्रावर ६० लावले असता ट्रेवर ५५ मिळत असेल तर यंत्र वाईट नव्हे; ६५ लावायचे एवढेच लक्षात ठेवायचे. मात्र एका ट्रेवर ६२ आणि दुसऱ्यावर ४८ अशी तफावत असेल तर ते यंत्र परत करा. आणि ज्या यंत्राला तापमान बदलण्याची सोयच नाही, फक्त चालू-बंदची कळ आहे, ते मांसासाठी घेऊच नका.

विजेविषयी दोनच गोष्टी. परदेशातून कोणी नातेवाईक यंत्र आणून देत असतील तर ते २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झसाठी आहे का ते पाहा. अमेरिकी यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचे असते, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण वारंवारता बदलत नाही आणि पंखा मंद फिरण्याची शक्यता राहते. खर्चाची चिंता फारशी नको: ५०० वॅटचे यंत्र आठ तास चालले आणि हीटर एकदाही बंद झाला नाही असे धरले तरी ४ युनिट होतात.

एकाच यंत्रात मांस आणि भाज्या वाळवण्याबद्दल आपण संकोचाने विचारले आहे, पण हा प्रश्न अगदी योग्य आहे. आधी तापवून मग वाळवण्याच्या पद्धतीचा येथे मोठा फायदा होतो, कारण कच्चे मांस यंत्रात जातच नाही. तरीही मांसासाठी दोन-तीन ट्रे कायमचे वेगळे ठेवा आणि त्यांवर खूण करा. प्लॅस्टिकच्या जाळीत वास आणि चरबी धरून राहते. स्टीलचे ट्रे गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी खरोखर स्वच्छ होतात, म्हणून थोडे जास्त पैसे कोठे घालायचेच असतील तर ते स्टीलच्या ट्रेंसाठी घालावेत. मांस आणि मेथी एकाच वेळी कधीही लावू नका. मेथीला ३५ ते ४० अंश पुरतात आणि मांसाला ६० लागतात, शिवाय लसूण-मिरीचा वास मेथीत उतरतो. हे सगळे पाळले तर यंत्र एकच असायला माझी हरकत नाही. आपल्या आई शाकाहारी असतील तर मात्र स्वच्छतेचे गणित पुरेसे नाही. त्यांना आधी विचारावे आणि त्या नको म्हणाल्या तर त्यांच्यासाठी स्वस्त गोल यंत्र आणि आपल्यासाठी लहान पेटीयंत्र, अशी विभागणी करावी.

म्हणजे निवड अशी ठरते. वर्षातून दोनदाच, एकेक किलो करायचे असेल आणि ट्रे फिरवायला आपण घरी असाल, तर झाकणात पंखा असलेले, तापमान बदलता येणारे गोल यंत्र पुरे आहे. आईही वर्षभर वापरणार असतील, तर स्टीलच्या ट्रेंचे, मागे पंखा असलेले सहा ट्रेंचे पेटीयंत्र घ्या. त्याची जास्तीची किंमत वापरातून वसूल होईल. एअर फ्रायरमधील वाळवण्याची सोय पाव किलोपर्यंत ठीक आहे. साध्या ओटीजी ओव्हनचे किमान तापमान बहुधा फार वर असते, म्हणून वाळवण्यासाठी तो मी वापरत नाही. तापवण्यासाठी मात्र तो उपयोगी आहे.

यंत्रापेक्षाही जर्कीचा कस मांसाच्या निवडीत लागतो. आंतरजालावरील बहुतेक पाककृती गोमांस किंवा शिकारीचे मांस गृहीत धरतात. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या वधाला बंदी आहे आणि वन्यप्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या केंद्रीय कायद्याने. त्यामुळे आपल्यापुढे बोकडाचे मटण आणि कोंबडी हेच व्यवहार्य पर्याय उरतात, आणि त्या पाककृतींतील वेळा व कापण्याच्या सूचना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. बोकडाच्या मागच्या मांडीचे हाडाविना मांस घ्या. त्यातील गोल, लांबट, बिनचरबीचा स्नायू, ज्याला येथील खाटीक मछली म्हणतात, तो अखंड काढून मागा. लहान तुकडे करून आणलेल्या मांसातून पट्ट्या निघत नाहीत. पांढरा पडदा आणि दिसेल ती सगळी चरबी काढून टाका. चरबी वाळत नाही, ती हवेने खवट होते आणि सर्वांत आधी जर्की तिच्यामुळेच बिघडते. पहिल्या खेपेला मी कोंबडीची छाती घेण्याचा सल्ला देईन, कारण तिच्यात चरबी कमी असते, स्नायू मोठा असतो आणि पट्ट्या सारख्या निघतात. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला झाबुआचा कडकनाथ आपल्या शेजारचाच आहे आणि त्याचे मांस चवीला सुरेख लागते, पण त्याची छाती लहान आणि तंतू चिवट असतात, तेव्हा हात बसल्यावर तो करून पाहावा.

कापण्यापूर्वी मांस तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट गोठवा, म्हणजे सुरी सरळ चालते. जाडी ५ मिलिमीटर ठेवा, ६ च्या पुढे जाऊ देऊ नका आणि सगळ्या पट्ट्या सारख्या असतील हे पाहा. एकाच ट्रेमध्ये ३ आणि ८ मिलिमीटरच्या पट्ट्या असतील तर एक कोळशासारखी होईपर्यंत दुसरी आतून ओलीच राहते. मटण तंतूंच्या आडवे कापावे, नाहीतर ते चावता चावता जबडा दुखतो. कोंबडी तंतूंच्या दिशेने कापावी, नाहीतर तिचा भुगा होतो.

मुरवण्यासाठी मीठ साफ केलेल्या मांसाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे किलोला २० ग्रॅम, वजन करूनच घ्या. सोया सॉस वापरणार असाल तर त्यात १५ ते १८ टक्के मीठ असते हे लक्षात घेऊन वरचे मीठ कमी करा. मिरी, लाल तिखट, लसणाची पूड, थोडा व्हिनेगर हे सगळे चालते. तेल घालू नका, ते खवट होते. दही, कच्ची पपई आणि ताजे आले यांनी मांस इतके मऊ पडते की वाळल्यावर ते पिठूळ लागते, म्हणून तेही टाळावे. आल्याची चव हवी असेल तर सुंठ वापरा. मुरवणे पूर्णपणे फ्रीजमध्येच, ४ अंश किंवा त्याखाली, सहा ते बारा तास करा. ओट्यावर ठेवून मुरवण्याची सवय असेल तर ती येथे चालणार नाही, कारण स्टॅफिलोकोकस हा जंतू मिठाला फारसा जुमानत नाही, आणि त्याने एकदा विष तयार केले की नंतरच्या उष्णतेने जंतू मरतो पण ते विष नष्ट होत नाही.

मिठाबद्दल एक गंभीर सूचना येथेच करतो. परदेशी पाककृतींत 'गुलाबी मीठ' लिहिलेले आढळते. ते सोडियम नायट्राइट मिसळलेले विशेष मीठ असते, त्याच्या नेहमीच्या प्रकारात ६.२५ टक्के नायट्राइट असते आणि ते किलोला अवघे २.५ ग्रॅम घालायचे असते. आपल्या स्वयंपाकघरातील शेंदेलोण रंगाने गुलाबी असले तरी त्यात नायट्राइट नसते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही. उलट नायट्राइटचे मीठ साध्या मिठासारखे चमच्याने घातले तर जिवावर बेतू शकते. बाजारात मिळणारा सोराही (पोटॅशियम नायट्रेट) त्याऐवजी घालू नका. आधी तापवून, नीट वाळवून आणि लवकर संपवण्याच्या घरगुती जर्कीला नायट्राइटची गरज नाही. ते नसले तर रंग थोडा काळपट येतो, तेवढेच.

तापवण्यासाठी आपल्या मराठी घरांत असलेले मोदकपात्र अतिशय योग्य आहे. चाळणीवर पट्ट्या एका थरात पसरा, पाणी जोरात उकळत असताना पात्र चढवा आणि पाच-सहा मिनिटांनी तपासा. वाफेने भरलेल्या भांड्यात मांसावरचे पाणी उडून जात नाही, म्हणून वर सांगितलेला गारवा येथे निर्माण होत नाही आणि तापमान झपाट्याने चढते. पातळ पट्टीचे तापमान घेण्यासाठी सर्वांत जाड पट्टी चिमट्याने थर्मामीटरच्या टोकाभोवती गुंडाळा आणि आकडा स्थिर होऊ द्या. मटणाला ७१ आणि चिकनला ७४ दिसल्याशिवाय खाली उतरवू नका. खाली सुटलेले पाणी टाकून द्या आणि पट्ट्या स्वच्छ कागदाने टिपून, अर्धा तास आधीच तापवून ठेवलेल्या यंत्रात लगेच लावा. कच्चे मांस ज्या थाळीत, ज्या चिमट्याने हाताळले ती साधने न धुता पुन्हा वापरू नका.

याबाबतीत मतभेद आहेत हे मान्य करतो. आधी वाफवलेली जर्की थोडी कमी चिवट आणि जास्त ठिसूळ होते, म्हणून काही जाणकार आधी वाळवतात आणि शेवटी १३५ अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे तापवतात. ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे आणि तिने पोत चांगला येतो. मी तरीही घरगुती वापरासाठी आधी तापवणेच सांगतो, कारण आपल्या घरात यंत्र सामायिक आहे आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. अर्धवट वाळलेले कच्चे मांस कोमट पेटीत तासन्‌तास पडून राहणे हा धोका मला पत्करायचा नसतो. वाफवलेल्या मांसाच्या बाबतीतही वीज गेली तर घड्याळ पाहा: तुकडे अजून मऊ असतील आणि खोली ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासाच्या आत, एरवी दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये हलवा आणि वीज आल्यावर पुढचे वाळवणे सुरू करा.

यंत्रात ६० अंशांवर वेळ किती लागेल हे जाडी, आर्द्रता आणि यंत्र यांवर अवलंबून असते. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की वाफवलेल्या पट्ट्या चार-पाच तासांत होतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच पट्ट्या आठ तास घेतात, कारण यंत्र बाहेरची दमट हवाच आत ओढून तापवत असते. म्हणून पाककृतीतील तासांपेक्षा वजनावर विश्वास ठेवा. हिशेब असा आहे: बिनचरबीच्या एक किलो मांसात साधारण ७५० ग्रॅम पाणी आणि २२० ग्रॅम प्रथिने असतात. अमेरिकेत जर्की म्हणवण्यासाठी पाणी आणि प्रथिने यांचे प्रमाण ०.७५ ला १ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे येथे १६५ ग्रॅमच्या आसपास पाणी उरले पाहिजे. त्यात २५० ग्रॅम कोरडा भाग आणि मीठ-मसाला मिळवला की सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम होतात. वाफवताना मांसाचा थोडा रस आणि त्याबरोबर थोडा कोरडा भागही जातो, म्हणून मी साफ केलेल्या कच्च्या वजनाच्या ४० टक्क्यांखाली आल्याशिवाय यंत्र बंद करीत नाही आणि पावसाळ्यात ३५ टक्क्यांपर्यंत जातो. रिकाम्या ट्रेचे वजन आधी लिहून ठेवले तर दर तासाला ट्रेसकट वजन करता येते.

वजनाला हाताची पारख जोडा. एक पट्टी बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम असताना ती नेहमीच मऊ लागते, मग वाकवा. तिला चिरा पडून आतील तंतू दिसले पाहिजेत, पण तिचे दोन तुकडे होता कामा नयेत. सर्वांत जाड पट्टी मध्ये कापून पाहा आणि आत ओलसर, चकचकीत भाग दिसला तर पुन्हा लावा. सुरुवातीलाच तापमान फार वर ठेवले तर बाहेरचा थर कडक होऊन आतले पाणी अडकते, आणि अशी जर्की हाताला वाळलेली भासते, म्हणून हे कापून पाहणे चुकवू नये.

साठवण्याआधी पट्ट्या काचेच्या बरणीत सैल भरून एक रात्र फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी काचेच्या आतल्या बाजूला दव दिसले तर वाळवणे अपुरे आहे. नीट वाळलेली जर्की हवाबंद बरणीत, थंड आणि अंधाऱ्या जागी एक ते दोन महिने टिकते, पण इंदूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती मी फ्रीजबाहेर ठेवत नाही, आणि महिन्याहून जास्त ठेवायची असेल तर फ्रीझरमध्ये टाकतो. पदभ्रमणासाठी दोन-दोन दिवसांच्या लहान पुड्या करा, प्रत्येकीत ऑक्सिजन शोषणारी पुडी घाला आणि वर तारीख लिहा. मोठी पिशवी रोज उघडली की प्रत्येक वेळी आत ओलावा जातो. व्हॅक्यूम पॅकिंग हा अपुऱ्या वाळवण्यावरचा इलाज नाही. हवा काढल्याने बुरशी थांबते, पण हवेविना वाढणाऱ्या जंतूंना ओलसर मांस तसेच सोयीचे राहते. बुरशीचा ठिपका किंवा खवट वास आला तर ती पुडी पूर्ण टाकून द्या, तेवढाच भाग कापून बाकीचे खाऊ नका.

शेवटी आपण मित्रांच्या गटाला ही जर्की पैसे घेऊन देण्याचा विचार लिहिला आहे, त्याविषयी. विकायचे म्हटले की अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, आणि मालातील पाण्याची उपलब्धता (वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे जंतूंना वापरता येणारे पाणी; शुद्ध पाण्याला १ धरून) प्रयोगशाळेतून तपासून ०.८५ किंवा त्याखाली असल्याचा अहवाल हाती असावा. घरच्या वजनकाट्यावर एवढी जबाबदारी टाकता येत नाही. तूर्त अर्धा किलो कोंबडीच्या छातीपासून सुरुवात करा, दर तासाचे वजन लिहून ठेवा आणि आपल्या यंत्राचे नाव व तिन्ही ट्रेंवरची वाचने मला कळवा; त्यावरून मटणासाठी तापमान किती लावायचे ते मी नेमके सांगू शकेन.